हझेच्या बागेतली परागांची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी, पोचे पडलेली टाकी आहे. कारखान्यात मला दुहेरी भिंती दिल्या आणि चीनमधल्या हझे शहरातल्या मूदान, म्हणजे पिओनी, फुलांच्या संशोधन बागेत पाठवलं. माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन असे. त्या जीवघेण्या थंडीत चिमूटभर पराग वर्षानुवर्षं जिवंत राहत. झाड मेलं, तरी त्याचा पराग दुसऱ्या फुलावर टाकून वाण पुढे नेता येई. पाहुणे येत, माझं कौतुक करत.

छ्यू सूजेन माझी राखण करी. दर सोमवारी ती लाकडी पट्टी आत बुडवी. पट्टीवर जिथवर हिम धरे, तिथवर द्रव. म्हातारे माळी गंगबाबा तिला पराग आणून देत. त्यांच्या काळ्या मूदानाचं एकच झाड उरलं होतं.

मग नवे साहेब आले. "बागेत एवढी झाडं उभी असताना या धुळीला कशाला पाजत बसायचं?" म्हणत त्यांनी नायट्रोजनची गाडी थांबवली. सूजेनने तीनदा विनवलं. बहर सरल्यावर महिन्याभरात पट्टीवर बोटभरच हिम धरू लागलं.

शेवटी ती गुरांचं वीर्य अशाच थंडीत जपणाऱ्या जनावरांच्या दवाखान्यात धावली आणि नायट्रोजनचा एक छोटा डबा उसना घेऊन आली. त्यात परागाच्या चाळीसच कुप्या मावत होत्या. माझ्यात सहाशे होत्या.

"ज्यांची झाडं गेलीत, त्या आधी," ती पुटपुटली. काळ्या मूदानाची कुपी तिने उचलली आणि परत ठेवली. "बाबांचं झाड आहे अजून. पुढच्या बहराला देईल नवा पराग."

तिसऱ्या दिवशी मी कोरडी पडले. आतले सगळे पराग मेले.

त्या वर्षी पावसाने ठाण मांडलं. बागेत पाणी साचून काळ्या मूदानाची मुळं कुजली. गंगबाबा काठी टेकत आले.

"सूजेन, माझी कुपी जपून ठेव हं. आता तीच काय ती उरली."

"बाबा, ती गेली. मीच मागे ठेवली तिला."

"माझं झाड उभं होतं म्हणून?"

"हो."

"बरोबरच केलंस. मीही तेच केलं असतं."

जाताना ते उंबऱ्याला अडखळले. सूजेन धरायला धावली, तर त्यांनी तिचा हात झटकला.

मित्रांनो, साहेब आता दुसरीकडे गेले. मला पुन्हा वेळेवर भरतात. पण एक मागणं आहे. जे जपायचं ते डोळ्यांसमोर धडधाकट उभं असतानाच जपा. ते गेल्यावर माझ्यासारख्या शंभर टाक्या काठोकाठ भरल्या, तरी त्यांत ठेवायला काही उरत नाही.