हातमोजे घालून पाहा

माझी वहिनी नर्स आहे आणि तिच्या जिभेला हाड नाही. त्या संध्याकाळी जेवताना ती मला म्हणाली, "तुमचं ते अ‍ॅप कोणी केलंय गं? हात नसलेल्या माणसांनी?"

कोणत्या पेशंटला औषध दिलं याची खूण नर्सनं फोनवर करायची, इतकंच त्या अ‍ॅपचं काम. ते आमच्या टीमनं केलं होतं. वहिनीच्या वॉर्डात चाचणीला दिलं होतं आणि दोन दिवसांनी सगळ्या हॉस्पिटलात सुरू व्हायचं होतं. तपासायचं काम माझं. अगदी नीट चालतंय, असं मीच सांगून मोकळी झाले होते.

"तुम्हाला वापरता येत नाही, त्याला आम्ही काय करणार?" मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"बरं बाई!" वहिनीनं तिच्या पिशवीतले हातमोजे माझ्यापुढे टाकले. "घाल आणि दाब. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मी घातले. फोनवर एका नावापुढे दाबलं, खूण उमटली खालच्या नावापुढे. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. म्हणजे ज्याला औषध मिळालंच नाही, त्याला मिळालं असं फोन सांगणार. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"मग इतके दिवस कसं चालवलंत?"

"दर वेळी मोजे काढतो, खूण करतो, नवे घालतो. एखाद्या दिवशी दमलेली बाई नाही काढणार. मग काय?"

आमच्या मॅनेजर मॅडमना तेव्हाच फोन करायला हवा होता. नंबर काढला आणि फोन पालथा ठेवला. कारण सांगते. आमचे आधीचे मॅनेजर म्हणजे तोफखाना. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या दादानं एकदा असंच ऐन वेळी येऊन सांगितलं, "साहेब, गडबड आहे." साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून असा सोलून काढला की महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला. तेव्हापासून आम्ही सगळे मूग गिळून बसायला शिकलो. नव्या मॅडमनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. प्रश्न विचारायच्या आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प राहायच्या. वर म्हणायच्या, "सावकाश." आम्ही त्यांच्या माघारी त्यांना सावकाशबाईच म्हणायचो. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

सकाळी आमची उभी सभा. कोण काय करतंय, कुठे अडलंय हे एकमेकांना सांगायला ती असते. आम्ही मात्र मॅडमकडे तोंड करून पाठ म्हटल्यासारखं बोलायचो. आमचा प्रोग्रॅमर म्हणाला, "सगळं छान." त्याला आम्ही जावईबापू म्हणतो, कारण चहासुद्धा त्याला जागेवर लागतो. मग माझी पाळी आली.

"सगळं..." म्हटलं आणि पुढचा शब्द फुटेना. एखाद्या म्हाताऱ्याचं औषध राहून जाईल आणि मी इथे छान म्हणून घरी जाईन? छे!

"हातमोजे घातले की चुकीच्या नावापुढे खूण होते," मी म्हणाले. "मी मोकळ्या बोटांनी तपासलं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मॅडमनी विचारलं, "मोजे आणलेस?" मी दिले. त्यांनी स्वतः घालून पाहिलं, मग जावईबापूच्या हातात दिले. त्याचंही चुकलं. "आयला," तो एवढंच म्हणाला.

"आता काय करायचं?" मॅडमनी विचारलं आणि त्यांच्या सवयीप्रमाणे गप्प बसल्या.

मग जावईबापू म्हणाला, नावापुढचं बटण मोठं करू, दुपारपर्यंत होईल. मी म्हटलं, मोजे आज कळले, अजून काय काय कळायचंय कोण जाणे! आधी वॉर्डात जाऊन उभं राहू. बघता बघता आमची चांगलीच जुंपली, आणि कोणीही मॅडमकडे बघत नव्हतं. शेवटी ठरलं, तारीख पुढे ढकलायची.

"मी असते तर बटण मोठं करून तारीख पाळली असती," मॅडम म्हणाल्या. "पण अ‍ॅपमध्ये काय चुकू शकतं ते तुम्हाला जास्त ठाऊक. तुमचं ठरलं ना? मग वर मी सांगते."

मॅडम कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. थोड्या वेळानं साहेबच तरातरा बाहेर आले.

"हॉस्पिटलला काय तोंड दाखवू मी? कोणाच्या हातून राहिलं हे?"

माझी पाचावर धारण बसली. तेव्हा दादा उभा होता तिथेच आज मी उभी होते.

"राहिलं सगळ्यांच्याच हातून, माझ्याही," मॅडम म्हणाल्या. "सापडलं हिला. आज सापडलं म्हणून आपण वाचलो. आणि तारीख पुढे जाणार, हा आमचा निर्णय आहे."

आमचा! स्वतःला न पटलेला निर्णय बाई आमचा म्हणाली. साहेब फणफणत गेले. मला तर मॅडमना तिथेच मिठी मारावीशी वाटली.

दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "तुला हे कधी कळलं?"

"काल संध्याकाळी."

"मग फोन का नाही केलास?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले. त्या थांबून राहिल्या. त्यांच्या त्या गप्प बसण्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

"भीती वाटली, मॅडम."

"साहेबांची?"

"तुमची."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, जीभ हासडून टाकावी. सकाळी साहेबांसमोर ताठ उभी राहिलेली बाई माझ्या टेबलाचा कोपरा धरून उभी होती.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत आम्ही बोलायच्या आत त्याच बोलल्या. "आधी माझं. सुरू करायची तारीख मी तुम्हाला न विचारता साहेबांना दिली होती. नंतर विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात, ते मला खरं वाटलं. माझं चुकलं."

मॅनेजरला असं बोलताना आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. मग जावईबापूनं घसा खाकरला. कान लालबुंद झाले होते त्याचे.

"मॅडम, माझंही एक आहे. बरेच दिवस झाले. सांगायचं राहून गेलं... म्हणजे राहून नाही गेलं, लपवलंच."

मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. आमच्या उभ्या सभेत पहिल्यांदाच कोणी बसलं.

"सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश."