तालमीतली बॅग

बाईंनी उभं आयुष्य शाळेत भूगोल शिकवण्यात घालवलं. नकाशाच्या उजव्या कडेला जपान दाखवताना त्यांची छडी जरा जास्तच रेंगाळायची. ज्वालामुखी, बेटं, बर्फाचे डोंगर, सगळं पोरांकडून घोटून घेतलं आणि स्वतः मात्र एकदाही समुद्र ओलांडला नाही. आता चिरंजीव आणि सूनबाई सुट्टीत जपानला निघाले होते आणि बाईंच्या जिवाला थारा नव्हता.

चिरंजीव हिशेबनीस. हात इतका आखडता की घरातला दिवा त्याच्या पावलांच्या आवाजानेच विझावा. सवलतीची तिकिटं शनिवारी रात्रीपर्यंतच मिळणार होती. बाईंना धरून तिघांचं जमवायचं तर काटकसर हाडीमाशी मुरवायला हवी होती. सोबत फक्त सात किलोची हातातली बॅग. टॅक्सीचं नाव काढायचं नाही. मुक्काम स्वस्तातल्या लॉजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, जमिनीवरच्या गादीवर, आणि लिफ्ट नाही.

"आई, तुझ्या गुडघ्यांचं काय?" तो म्हणाला. "तिथे तुला टॅक्सी लागली, खाली वेगळी खोली लागली, की माझं सगळं गणित कोसळलं. पुढच्या वर्षी तुला चांगल्या टूरबरोबर पाठवू ना."

हे पुढचं वर्ष बाईंच्या चांगलंच ओळखीचं होतं. ते दर वर्षी गुपचूप एक वर्ष पुढे सरकायचं. गुडघ्यांचं म्हणाल, तर महिनाभर रोज दुपारी दाराला कडी लावून त्या जमिनीवरून उठायचा सराव करत होत्या. कुशीवर वळायचं, एक गुडघा टेकायचा, पलंगाला हात लावायचा नाही. पण हे सांगितलं असतं तर पोरगा हसला असता, आणि ते हसणं बाईंना सोसलं नसतं.

तोंड उघडलं ते सूनबाईने. ती एका नाटक कंपनीची व्यवस्थापक. पडदे, दिवे, रंगमंचावरचं सामान, नटांची उशिरा यायची खोड, सगळं तिच्या मुठीत.

"वाद कशाला घालताय?" ती म्हणाली. "आमच्याकडे रंगीत तालमीशिवाय प्रयोग लागत नाही. शुक्रवारी रात्री तिघांनी जमिनीवर झोपायचं. शनिवारी भरलेल्या बॅगा घेऊन दिवसभर बस, चालणं, जिने. दुकानातून घेतलेलं बाकावर बसून खायचं. आईंनी पार पाडलं तर तीन तिकिटं. मध्येच सोडलं तर दोन. मग कुणी कुरकुर करायची नाही."

"कबूल," बाई म्हणाल्या. चिरंजीवही लगेच कबूल झाला. आईची हौस घरच्या घरी फिटतेय, म्हणजे फुकटातच की.

घरात बॅगा दोनच होत्या. तिसरी सूनबाईने नाटकाच्या सामानातून आणली आणि ती बाईंच्या वाट्याला आली. शनिवारी सकाळी बाई पहिल्या झटक्यात गादीवरून उठल्या, पोराने पाहिल्याची खात्री करून घेतली आणि आपली बॅग उचलली. बॅग अलगद वर आली. आत बघतात तर काय, रद्दी कागदाचे बोळे! नाटकातल्या बॅगा अशाच असतात. बाहेरून टम्म, आत हवा, आणि जड असल्याचा आव नटाने आणायचा. सूनबाईचा जन्म अशा बॅगा प्रवासाला धाडण्यात गेलेला. फुगलेली बॅग दिसली आणि ती भरलीच आहे असं समजून सूनबाई मोकळी झाली.

बाई थबकल्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. जपान आयतं हातात येत होतं. मोह झाला, खोटं कशाला बोला? पण कॉपी करणाऱ्या पोरांना ज्यांनी जन्मभर बाकावर उभं केलं, त्यांना हे पचणार कसं? त्यांनी बोळे पलंगाखाली सारले. कपाटातून कपडे, औषधं, चपलांचा जोड घेतला आणि अगदी मागे ठेवलेला निळा स्वेटर ओढून वर ठेवला. तरी भार कमी वाटला, म्हणून शाळेपासूनचा जाडजूड नकाशासंग्रह तळाशी कोंबला.

मग वरात निघाली. बसमध्ये उभ्याने, पुढे बाजारातून पायी, नदीचा लांबच लांब पूल. बाकावर बसून पाव खाताना चिरंजीवाने हळूच बूट काढले.

"आई, दमलीस ना? टॅक्सी बघू का?" त्याने विचारलं.

"मी नाही बाबा दमले," बाई म्हणाल्या. "तुला हवी असेल तर बघ."

सूनबाईने तोंडाला रुमाल लावला.

लॉजचा जिना म्हणून सूनबाईने नाट्यगृहामागचा लोखंडी जिना ठरवला होता. वरपर्यंत गेलं की कपडेपटाची खोली. अर्ध्यावर बाईंचे गुडघे अक्षरशः ओरडायला लागले. डोळ्यांत पाणी आलं. बसावं इथेच, बघू पुढच्या वर्षी, असं मनात आलं मात्र, आणि त्या पुढच्या वर्षाचाच त्यांना असा काही राग आला की उरलेला जिना त्या रागावरच चढल्या.

वर कपडेपटवाला इस्त्री करत बसला होता. बॅग बघून तो खूश झाला.

"अरे, ही तर आपली दुसऱ्या अंकातली! कागदाचे बोळेवाली!"

चिरंजीवाने कान टवकारले. "म्हणजे आई दिवसभर रिकामी बॅग घेऊन फिरली?"

सूनबाईने कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. भरायची राहिलीच. आई, खरंच हो, सॉरी." तिचा चेहरा पडला. नियम तिचाच होता आणि सवलत रात्री संपत होती. "ही तालीम धरता येणार नाही."

"अरे, आधी बॅग तर उचलून बघा," बाई म्हणाल्या.

चिरंजीवाने ऐटीत दोन बोटं घातली. बॅग जागची हलली नाही. त्याने वाकून चेन उघडली आणि त्याचा हात तिथेच थांबला. वरच निळा स्वेटर होता, किमतीचा कागदही तसाच लटकलेला.

पहिल्या पगारातून त्यानेच तो आईसाठी आणला होता. हा इथे घालायचा नाही हं, मी तुला बर्फ दाखवायला नेईन तेव्हा घाल, असं बजावलं होतं. बाईंनी आपल्या बाजूने शब्द पाळला होता.

"हा तू अजून घातलाच नाहीस?"

"वेळ कुठे आली?" बाई म्हणाल्या. टोमणा नव्हता, खरंच नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

चिरंजीव पायरीवर बसला. नाक ओढलं, मोबाईल काढला आणि तीन प्रवाशांची नावं भरली. पहिलं आईचं. मग कुणी न विचारता त्याने खिडकीची जागा निवडली. तिचे वेगळे पैसे पडत होते.

"अरे, परवडेल का?" बाईंनी विचारलं.

"माझे नाश्ते कापले," तो म्हणाला.

सूनबाईने सासूला अशी मिठी मारली की कपडेपटवाल्याने इस्त्री बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

पण हिशेबनीस तो हिशेबनीसच. घरी आल्यावर त्याने बॅग वजनकाट्याला अडकवली आणि जोरात ओरडला, "आई! नऊ किलो! दिवसभर नऊ किलो घेऊन फिरलीस? जादा वजनाचे पैसे घेतील ते!"

बाईंनी बॅगेच्या तळात हात घातला, नकाशासंग्रह ओढून काढला आणि फडताळात जागच्या जागी ठेवून दिला.

"हा राहू दे घरी," त्या म्हणाल्या. "आता नकाशात काय बघायचंय?"