पाचवं डाळिंब

संजीवनीनं हातातलं डाळिंब अंगठ्याखाली फिरवलं आणि डाग दिसला म्हणून डावीकडच्या क्रेटमध्ये टाकलं. पुढच्यावरही डाग होता. त्याच्या पुढच्यावरही. जेवणाच्या सुट्टीआधी सुपरवायझर इंद्रजितनं तिला बाजूला घेतलं आणि तो क्रेट टेबलावर पालथा केला. डाळिंबं एकजात नितळ होती, देवापुढं ठेवावीत अशी.

“ताई, यात एक डाग दाखवा बरं.”

ती वाकून वाकून शोधत राहिली. मघाशी तर होते.

बारामतीजवळच्या या पॅकहाऊसमध्ये ती तीन वर्षं डाळिंबं निवडत होती. नितळ उजवीकडं, डागी डावीकडं. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकीचा आकडा पळायचा आणि संजीवनीचा कायम हिरवा असायचा. पहिल्या नंबराचा मिक्सरही तिला मिळाला होता. गेला महिनाभर मात्र तिचा आकडा लाल होता. इंद्रजित काही वाईट माणूस नव्हता, पण त्याचाही आकडा कुठंतरी पळत होताच. शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर सोमवारपासून कंपनीचा टेम्पो तिला न्यायला तिच्या गावी, कळसला येणार नाही, एवढं त्यानं खाली बघत सांगितलं.

दुःख काय आहे ते तरी सांग, असं विचारून विचारून नवरा सुयोग थकला होता. सांगण्यासारखं काही असतं तर तिनं आनंदानं सांगितलं असतं. पोटाला होतं, शेताला पाणी होतं, सासूसुद्धा भांडत नव्हती. तरी सकाळी उठताना अंगावर कुणी ओली गोधडी टाकल्यासारखं व्हायचं. आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. परवा छकुलीची वेणी घालताना तिचा अंगठा लेकीच्या हनुवटीवरच्या तिळाशी थांबला, आणि हातानं पोरीला हळूच डावीकडं सारलं. तेव्हापासून तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

गुरुवारी कंपनीनं बायकांचं मन मोकळं करायला पुण्याहून एक मॅडम आणल्या. त्यांनी गोड आवाजात श्वास घ्यायला शिकवलं आणि एक कागद भरायला दिला. झोप लागते का, रडू येतं का. संजीवनीचा पेन अडला. हे कागदही कुणीतरी डावी-उजवीकडं करणारच की. तिनं सगळीकडं ‘ठीक’ लिहिलं. कागद गोळा करून इंद्रजितनं जाहीर केलं, बेचाळीसच्या बेचाळीस बायका ठीक आहेत.

परतीच्या टेम्पोत ती कुशाबाईंशेजारी बसली. त्या वयानं तिच्या आईएवढ्या, आणि सध्या पहिला नंबर त्यांचाच. तुम्हाला डाग नीट कसे दिसतात, असं तिनं न राहवून विचारलं. कुशाबाईंनी बाहेरच्या उसाकडं तोंड फिरवलं.

“दिसत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “वरीस झालं. समदी सारखीच दिसत्यात.”

“मग वो?”

“पाचवं डावीकडं टाकते. मालात तेवढंच डागी निघतंय. कुणाला कळत न्हाय.”

शुक्रवारी संजीवनीनं मोजायला सुरुवात केली. चार उजवीकडं, पाचवं डावीकडं. बघायचंच नाही म्हटल्यावर शीणही नव्हता. दुपारपर्यंत आकडा हिरवा झाला. शनिवारी इंद्रजित सगळ्यांदेखत म्हणाला, मॅडमच्या शिबिराचा गुण आला. टेम्पो सोमवारी येणार होता.

सुयोगला इतकं बरं वाटलं की त्यानं स्वतः चहा टाकला. संजीवनी उंबऱ्यात बसून छकुलीची वेणी घालू लागली.

“आई, तू इचारलंच न्हाईस.”

“काय गं?”

“पडले न्हवं मी शाळंत. ह्ये बघ, हितं.”

छकुलीनं तोंड वर केलं. संजीवनीनं तिचा चेहरा उजेडाकडं वळवला आणि गालावरून अंगठा फिरवला. पोर कळवळली. अंगठ्याला खरबरीत लागलं, थोडं ओलंही लागलं. पण चेहरा नितळच होता.

“दिसतंय न्हवं?”

“व्हय,” संजीवनी म्हणाली, आणि हनुवटीवरचा तीळ शोधू लागली.