गोमाजीला दिसलेला अर्धा उजेड

१९७८ साल. आंधळगावात देवाजीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक माणूस आतल्या अंधाऱ्या खोलीत जाई आणि डोळे पुसत बाहेर येई.

"दिसला वो माय! निळा, पिवळा, चाकासारखा फिरत होता!"

मग बाहेरचे हात जोडत आणि रांग आणखी पुढे रेटत.

आत देवाजीकडे उतरलेले उजेडबाबा बसले होते. "ध्यान म्हणजे काय बेटा? मन तो घोडी है! तिला लगाम पाहिजे. मी भुवईमधलं कुलूप उघडलं, की ज्योत पेटली. मग रोज दोन वेळा ती बघायची. शेतात मन लागेल, संसारात लागेल. परीक्षेचा पेपर तर ज्योतच लिहील!"

एवढ्या गुणी ज्योतीला बाबांच्या चहासाठी चूल मात्र पेटवता येत नव्हती. ती देवाजीची सून पेटवत होती.

दीक्षा एकेकट्याला, घोंगडं पांघरून. आत काय झालं ते कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ. ध्यानाला माझा विरोध नव्हता; माझा संशय त्या शपथेवर होता.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. माझ्या दहावीच्या वर्गातली धुरपता हुशार, पण पुस्तक उघडलं की तिचं मन दहा ठिकाणी. तिच्या आईनं, सत्यभामाबाईनं, बजावलं होतं, "यंदा नापास झाली त लगन करून देईन." म्हणून पोरीनं दीक्षा घेतली. त्यानंतर तिनं पुस्तक मिटलं ते मिटलंच. वर्गात लाल, सुजलेले डोळे घेऊन बसे. फळ्यावरची अक्षरं तिला पुसट दिसू लागली.

"धुरपता, डोळ्यांना काय करतेस?"

"ध्यान करतो, बाई."

"ध्यानानं डोळे का सुजावेत?"

ती रडवेली झाली. "विचारू नका न, बाई. सांगतलं त माही माय मरन."

कोडं उलगडलं ते गावातल्या गोमाजीमुळे. लहानपणी धानाचं कुसळ जाऊन त्याचा डावा डोळा सडला होता. डॉक्टरांनी तो काढूनच टाकला होता. दीक्षा घेऊन तो तणतणतच शाळेवरून चालला होता.

"मले त अर्धाच उजेड दिसला, बाई! उजव्या अंगाले दिसला, डाव्या अंगाले नुसता अंधार. बाबा म्हनते, तुहं पाप आडवं येते. डाव्या अंगाचं पाप येगळं रायते का?"

मी चमकले. देवाच्या उजेडाला डोळा कशाला लागतो?

"गोमाजी, बाबा हात कुठं ठेवतात?"

तो जरा घुटमळला. "डोळ्यावर. आंगठ्यानं दाबते. घरी बी रोज तसंच दाबाले सांगते. शपथ मोडली त मोडू दे, आनखी काय जाईन? एक डोळा त गेलाच आहे!"

पुढच्या बैठकीला मी धुरपताला हात धरून नेलं; गोमाजीही आला. बाबा अंगणात आले, तेव्हा भर गर्दीत म्हटलं, "बाबा, गोमाजीच्या डाव्या बाजूला तेवढी ज्योत पेटवा. आम्ही सगळे दीक्षा घेऊ."

"श्रद्धा नाही तो ज्योत नाही, बाई."

"म्हणजे याची उजवीकडे श्रद्धा आहे आणि डावीकडे नाही?"

लोक हसले, पण जपून. मी म्हटलं, "सगळे डोळे मिटा. पापणीवर, बाहेरच्या कोपऱ्यात बोट टेकवून अगदी हलकं दाबा. मंत्र नको, घोंगडं नको."

अंगणभर बोटं पापण्यांवर गेली. मग रांगेतल्या रुखमाबाईचा आवाज आला, "अगं माय! मले बी दिसून राहिला! मी त आजून आत गेलीच नाई!"

मी समजावलं, "डोळ्याच्या आतल्या पडद्याला उजेडाखेरीज दुसरं काही सांगता येत नाही. त्याच्यावर दाब पडला, तरी तो उजेडच सांगतो. गोमाजीला डावा डोळाच नाही, तिथं काय दिसणार? आणि रोज जोरानं दाबाल, तर आहे तो डोळाही जाईल."

गर्दीतून सत्यभामाबाई उठली. मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिचे डोळे पाहत राहिली. मग बाबांकडे वळली. "माह्या पोरीचे डोळे फोडून राहिला होता का रे?"

बाबांनी झोळी उचलली. गाव पापी आहे, असं काहीतरी पुटपुटत ते निघाले. कुणी अडवलं नाही, कुणी पायाही पडलं नाही.

डोळे दाबणं थांबलं, तसे धुरपताचे डोळे हळूहळू निवळले. पण तिची मूळची तक्रार होतीच. "मन त लागतच नाई, बाई." माझे वडील बुद्धविहारात शिकलेली ध्यानाची बैठक रोज करत, तीच मी तिला दाखवली. ताठ बस. श्वास येतो-जातो तो बघ. मन पळालं की चिडू नको, परत आण.

"याच्यात दिसन काय?"

"काही नाही. कंटाळा येईल. तरी रोज बस."

ती बसू लागली. कधी बसल्याबसल्या झोपली, कधी मध्येच उठली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. मार्चच्या परीक्षेत ती गणितात नापास झाली. तरी सत्यभामाबाईनं लग्नाचा विषय काढला नाही. उन्हाळाभर पोरगी बसत राहिली, आणि एक गणित सुटेपर्यंत जागा सोडेनाशी झाली. ऑक्टोबरला ती पास झाली.

पेढा द्यायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, पन बसल्यानंच मन लागलं कायवरून? मी अभ्यास बी त केला न."

तिच्या पास होण्यापेक्षा मला त्या प्रश्नाचा आनंद झाला. "असेलही अभ्यासामुळे," मी म्हटलं. "थोडे दिवस न बसता बघ. फरक पडला नाही, तर सोडून दे."

तुम्हालाही कुणी ध्यान शिकवत असेल, तर जरूर शिका. फक्त आधी विचारा: हे चारचौघांत उघड सांगता येतं का? आणि नाही पटलं, तर सोडता येतं का? शिकवणारा नाही म्हणाला, तर तिथे डोळे मिटू नका. उठा आणि घरी जा.