उणे दोन

वहीतल्या उत्तरात दोनच्या आकड्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरी होती. बाकी गणित बरोबर होतं. बंदूक चार किलोची, गोळी वीस ग्रॅमची, गोळीचा वेग सेकंदाला चारशे मीटर. गोळी सुटण्याआधी एकूण संवेग शून्य, म्हणून नंतरही शून्यच. एंजेलाने गोळीचा संवेग आठ काढला, त्याला चारने भागलं आणि बंदुकीचा वेग लिहिला, दोन.

दयाबाईंनी लाल पेन उघडलं. नातीने विचारलं, "आजी, वेग उणे कसा असेल? शून्यापेक्षा कमी?"

सोनईच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांना हा प्रश्न दर पावसाळ्यात भेटला होता. तिथे उत्तर स्टीफन द्यायचे, त्यांचे यजमान, प्रयोगशाळेतले परिचर. परीक्षानळीत थोडं पाणी घालून ते बूच लावत, नळी दोन दोऱ्यांनी आडवी टांगत आणि खाली स्पिरिटचा दिवा धरत. फट् आवाज व्हायचा. बूच खिडकीकडे उडायचं, नळी झोका घेऊन मागे यायची. घरीसुद्धा बायकोला 'बाई' म्हणणारे स्टीफन गंभीर चेहऱ्याने म्हणत, "बाई, बूच गेलं फुडं, नळी आली मागं. आता म्या कुनीकडं जाऊ?" वर्ग हसून लोटपोट व्हायचा. मग बाई फळ्यावर उणे काढायच्या.

स्टीफन गेले आणि शॅरनने आईला आपल्या घरी, सावेडीला आणलं. त्याला तीन वर्षं झाली. सोनईच्या घराला कुलूप होतं. आता गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याला आज संध्याकाळी उत्तर हवं होतं. दर रविवारी चर्चहून येताना शॅरन विषय काढायची, दयाबाई 'बघू' म्हणायच्या. आज सकाळी शॅरन प्रेमानेच म्हणाली होती, "आता मागे जाऊन काय करणार, मम्मी? माणूस पुढे जातो."

"आपण गोळीची दिशा अधिक धरली," त्या एंजेलाला सांगू लागल्या, "म्हणून बंदुकीची उणे. वेग खराच आहे, पुरता दोन. दिशा तेवढी उलटी."

बोलता बोलता त्या थांबल्या. कोऱ्या जागेत त्यांनी लहानशी आडवी रेघ ओढली, पेनाला टोपण लावलं. स्वयंपाकघरात शॅरन कणीक मळत होती.

"शॅरन," त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. मी सोनईला परत जाते."