नऊ काचा

"या नऊ काचांवर शेरा मारायचा राहिलाय, बाई," विभागप्रमुख म्हणाले आणि त्यांनी ट्रे मोजणीबाईंच्या सूक्ष्मदर्शकाशेजारी सरकवला. "रंग नीट बसला नाही, मोजणी बाद. एवढंच लिहा. तारीख मागच्या सोमवारची टाका."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. एकतीस वर्षं त्या या संशोधन संस्थेत उंदरांच्या अंडाशयाचे काप काचेवर रंगवत होत्या आणि त्यातली अंडी मोजत होत्या. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

"रंग मीच चढवला होता, साहेब. इतका सुरेख बसलाय की दृष्ट काढावी."

"म्हणून तर तुम्हीच लिहायचं."

विभाग उभा केला तो थोरल्या बाईंनी. त्या आता हयात नव्हत्या, पण त्यांचा दंडक होता. काचेवर फक्त आकडा असायचा. कोणत्या उंदराला काय दिलंय ते बंद लिफाफ्यात. मोजणारीला काही ठाऊक असता कामा नये, म्हणजे मन हाताला ढोसणार नाही. काच खराब निघाली तर शेरा लिफाफा फोडण्याआधी मारायचा. "लिफाफा फुटला की आपली जीभ कापली समजायची," असं त्या म्हणायच्या. एकदा मोजणीबाईंनी दोन दिवस उशिरा शेरा मारला, तर थोरल्या बाईंनी पाच महिन्यांचं काम कचऱ्यात टाकलं होतं. स्वतःचं.

आणि लिफाफा तर काल फुटला होता, सगळ्यांच्या देखत.

प्रयोग कर्करोगाच्या गाठी असलेल्या माद्यांवर होता. गाठ मारणारं औषध अंडीही जाळतं. म्हणून निम्म्या माद्यांना त्या औषधाबरोबर अँटिऑक्सिडंटची पूड चारली होती. लिफाफा फुटला आणि कळलं, पूड खाणाऱ्यांची अंडी खरोखर जास्त वाचली होती. टाळ्या पडल्या. मग गाठींच्या काचा निघाल्या; त्यांतल्या जिवंत पेशीही बाईंनीच मोजल्या होत्या. नुसतं औषध घेतलेल्यांच्या गाठी सुकल्या होत्या, पण पूड खाल्लेल्या बारा माद्यांपैकी नऊ जणींच्या गाठी जिवंत होत्या, वाढत होत्या. पुडीनं अंड्यांना जे पांघरूण घातलं, तेच गाठीलाही घातलं होतं. त्यावर मात्र कुणी टाळी वाजवली नाही.

"नेमक्या त्याच नऊ काचांचा रंग बिघडला होय?" बाईंनी विचारलं.

"अहो, उंदीर आहेत ते. उंदरांच्या गाठींवरून एवढं काय घेऊन बसायचं?"

"मग अंडी काय माणसांची मोजली मी? तीही उंदरांचीच. ती चालतात आणि गाठी चालत नाहीत?"

साहेब खुर्ची ओढून बसले. आवाज मऊ केला. "या पुडीची गोळी बनवणारी कंपनी परवा येतेय. किती बायकांना आशा मिळेल, विचार करा. तुमच्या भाचीचे उपचार गुरुवारी सुरू होतायत ना? मी शब्द टाकतो, तिला वर्षभर गोळ्या घरपोच देतील."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आई गेलेल्या त्या पोरीला त्यांनी सहाव्या वर्षापासून वाढवलं होतं. तिच्या छातीत गाठ निघाल्यापासून हा माणूस रोज सकाळी "भाची कशी आहे?" म्हणून विचारत होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझ्या पोरीचं नाव तुम्ही या ट्रेवर ठेवू नका."

त्यांनी नोंदवही ओढली, आजचीच तारीख टाकली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'नऊही काचांचा रंग उत्तम. मोजणी कायम. लिफाफा फोडल्यावर बाद करण्यास सांगितले गेले. केले नाही.' खाली पूर्ण नावानं सही केली.

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत आणि आता ही थेरं?" साहेब उठले.

"आठ महिने राहिलेत म्हणूनच. एकतीस वर्षं नासवायला आठ मिनिटं पुरतात."

दुसऱ्या दिवशी त्यांना काचसामान धुण्याच्या खोलीत धाडलं. काप काढणारे काका, त्यांचे जुने सोबती, दारात डोकावले. "बाटल्या तरी मोजताय ना, बाई?"

"मोजतेय. तुमच्यासारख्या तोंड बंद असलेल्या सगळ्या कपाटात लावल्यात," बाई म्हणाल्या. काका हसले नाहीत. मान खाली घालून गेले.

घरी पोर, जिला सगळे बाहुली म्हणत, औषधांची पिशवी भरत होती. त्यात जाहिरात पाहून आणलेली त्याच गोळ्यांची बाटली होती. बाईंनी सगळं सांगितलं.

"पण अंडी वाचली ना, मावशी?"

"वाचली."

"मग झालं तर!"

"गाठही वाचली, बाळा. नऊ जणींची. विचार तुझ्या डॉक्टरांना."

"विचारलं. ते म्हणाले, घ्यायच्या तर घ्या, काय बिघडतं." बाहुलीचा आवाज चिरकला. "तुला काय त्याचं? तुला कुठं मूल हवं होतं! आयुष्यभर उंदरांचीच मोजत बसलीस."

बाईंना मूल हवं होतं की नाही, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. आणि हिला वाढवताना त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात निघताना बाहुलीनं ती बाटली, सील न तोडलेली, त्यांच्या हातात दिली आणि रिक्षात जाऊन बसली.

वर्ष उलटायच्या आत साहेबांचा लेख छापून आला. अंड्यांचे आकडे होते. गाठींबद्दल एकच ओळ: 'नऊ काचा तांत्रिक दोषामुळे वगळल्या.' शेवटी आभारात बाईंचं नाव. निवृत्त झालेल्या बाई बसनं संस्थेत गेल्या, नाव काढा म्हणून अर्ज दिला आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलल्या नाहीत. नोंदवहीचं ते पान मागितलं, तर कारकून म्हणाला, "जुनी वही सापडत नाही, आजी."

त्याच आठवड्यात बाहुलीच्या तपासण्या झाल्या. गाठीचा मागमूस नव्हता. पाळी मात्र परतली नव्हती आणि परतणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली. डोक्यावर नव्या केसांची लव आली होती. बाई दारात उभ्या राहिल्या. आत जावं की नाही, कळेना.

"मावशी," तोंड न वळवता ती म्हणाली, "त्या नऊ जणींच्या गाठी खरंच वाढल्या होत्या ना?"

"हो."

"नक्की?"

"मी मोजल्या होत्या. कोण कुठली ते ठाऊक नसताना."

बाहुली भिंतीकडे थोडी सरकली आणि पलंगावर एका माणसापुरती जागा केली.