त्र्यंबककाकांचा ट्रेलर

आधी जेवण आणि मग ट्रेलर, इथंच सगळं चुकलं. शिकागोहून थेट कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला सामान न्यायचं, त्यासाठी जुना, चारी बाजूंनी बंद ट्रेलर विकत घ्यायचा, तर शहाणा माणूस आधी दार उघडून आत डोकावतो. पण ट्रेलर विकणारे पडले त्र्यंबककाका. इथल्या महाराष्ट्र मंडळाचे माजी अध्यक्ष, मोठे डॉक्टर, शिवाय माझ्या सासऱ्यांचे कॉलेजातले मित्र. अशा घरी गेलं की आधी पानावर बसायचं. सरलाकाकूंनी श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेता घेता माझा नवरा म्हणाला, "काका, ट्रेलर आमचाच समजा. त्यात बघायचं काय?"

मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. विनयनं पाय बाजूला घेतला.

मला बघायचं होतं, कारण त्यातून माझ्या साड्या जाणार होत्या. पैठण्या, इरकली, नारायणपेठी. दर भारतवारीत स्वतःची हौस मारून, बॅगांत जागा करून विकायला म्हणून एकेक आणलेल्या. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांची दुकानं एकाला एक लागून, तिथं मला कोण विचारतंय? पण सनीव्हेलला अशा पैठण्या-इरकली सहज मिळत नाहीत, असं तिथल्या माझ्या मैत्रिणीनं, नीलानं, फोनवर सांगितलं होतं. नवी नोकरी विनयची असली तरी अपार्टमेंटच्या हॉलमध्ये का होईना, माझा स्वतःचा धंदा सुरू होणार होता. साड्या खराब झाल्या तर मी तिथं नुसती विनयची बायको म्हणून जाणार होते.

हात धुऊन आम्ही बाहेर आलो. काकांनी ड्राइव्हवेत उभ्या ट्रेलरची कडी काढली. आधी उदबत्तीचा वास आला, मग डांबराच्या गोळ्यांचा, आणि त्या दोघांना बाजूला सारून खरा वास आला. सडक्या मांसाचा.

"विंटरभर बंद होता ना, म्हणून जरा," काका म्हणाले.

आत कार्पेट अंथरलं होतं. मी त्याचा कोपरा उचलला. खालची फळी काळी पडलेली, तिच्यात राठ केस रुतलेले, आणि फटीफटीत अळ्यांची वाळलेली टरफलं. मी कोपरा पटकन सोडला.

"काका, हे काय आहे?"

"अगं, नेबरला दिला होता हंटिंग सीझनला. हरणं आणली त्यानं. पण मी वॉश केलाय, सुमेधा. मी डॉक्टर आहे, मला हायजीन कळतं."

"एकदम फर्स्ट क्लास आहे, काका," विनय घाईघाईनं म्हणाला. "हिला जरा वासाचा प्रॉब्लेम आहे."

हरीण कुजलं होतं आणि प्रॉब्लेम मला होता! मी त्याला दंडाला धरून गॅरेजच्या बाजूला नेलं.

"विनय, यात माझं रेशीम जाणार नाही."

"प्लॅस्टिकमध्ये पॅक कर ना. एवढं काय त्यात? आत्ताच त्यांच्याकडे जेवलोय यार, आता नाही कसं म्हणू?"

"तोंडानं."

"भाड्याचा ट्रक घेतला तर त्यांना किती वाईट वाटेल!"

तेवढ्यात काकांनी हाक मारली, "विनय, आत जाऊन लांबी बघून घे रे. तुमचा सोफा आरामात बसेल." विनय लगेच वळला. ट्रेलरच्या दाराशी थांबला, अंगातला कोट काढला आणि माझ्या हातात दिला.

"धर जरा. याला वास लागला तर जाणार नाही."

तो आत जाऊन सोफ्याची जागा पावलांनी मोजू लागला. मी कोट हातात घेऊन उभी राहिले. ट्रेलरची किळस आली होतीच, आता त्या माणसाची आली. वास त्यालाही येत होता. रेशमाचं काय होणार हे त्यालाही कळत होतं. श्रीखंडाचं ऋण माझ्या साड्यांनी फेडायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

तो बाहेर आला. मी आत वाकले, तो कोट त्या कार्पेटवर नीट पसरला आणि दार लावून कडी घातली.

"अगं! काय करतेस?"

"काकूंचा चहा होईपर्यंत राहू दे. माझ्या साड्या तर कॅलिफोर्नियापर्यंत राहणार आहेत."

"वेडी आहेस का? नव्या ऑफिसला काय सडका कोट घालून जाऊ?" तो ओरडला आणि कडीशी झटापट करू लागला.

काका दोन पावलांवर उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली नाही.

"काका, जेवण फार छान होतं," मी म्हणाले. "ट्रेलर नको आम्हाला."

परतताना गाडीत विनय माझ्याकडे बघायचं टाळत होता. मला वाटलं, लाज वाटली असेल. शेवटी लाल सिग्नलला थांबल्यावर तो बोलला.

"काकांना किती इन्सल्टिंग वाटलं असेल, याचा जरा तरी विचार केलास?"

मी वाट पाहिली. सिग्नल हिरवा झाला, घर आलं, त्यानं गाडी लावली. साड्यांबद्दल तो एक शब्दही बोलला नाही.